आठ सेकंद

टेग्वेनबाईंचा फोन आला मार्चमध्ये:
"दोन्हींचा विमा आता झेपत नाही मला.
एक विकायची. कुठली, ते तू सांग."
इवोरला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

डोल्गेथ्लायच्या वर, मेंढ्यांच्या जुन्या वाड्यात,
स्लेटच्या फरशीवर दोघी शेजारी शेजारी.
डावीकडे ट्रायम्फ, बासष्टची, गर्द हिरवी,
इंजिनाचं नातं ट्रॅक्टरशी, आणि ती ते लपवत नाही.
उजवीकडे आल्फा, एकसष्टची, लाल,
जीव तेराशे सीसीचा, गळा मात्र तयारीचा.

आधी खिंडीत नेल्या. तोच रस्ता, तीच सकाळ,
खालच्या फाटकापासून वरच्या उभ्या दगडापर्यंत.
ट्रायम्फ: चार मिनिटं एकोणीस.
खड्ड्यावर मागून उडते, बॉनेटची थरथर दातांत येते,
पण तिसऱ्यात टाका आणि विसरून जा.
आमचा पोस्टमन चढतो तशी चढते,
धापा टाकत, पण पत्र पोचवून.
आल्फा: चार मिनिटं अकरा.
चार हजार फेऱ्यांखाली ती झोपेत असते.
पाच हजारांना डोळे उघडते, आणि मग
वळण नुसतं मनात आणायचं,
तिचं नाक आधीच तिकडे गेलेलं.
उतारावर ब्रेक डावीकडे ओढतात, दरीच्या बाजूला.
मी देवाचं नाव घेतलं. एरवी घेत नाही.

आता खर्च. इवोरच्या दोन वह्या होत्या.
ट्रायम्फची बारीक:
"ग्रीस. तेल. पंख्याचा पट्टा."
वर्षानं पुन्हा "ग्रीस. तेल."
आणि एका पानावर फक्त "चालते."
गळते म्हणून खाली केकचा जुना ट्रे.
"गळायची थांबली की घाबरायचं," तो म्हणायचा,
"तेल संपलं असं समजायचं."
आल्फाची वही पावत्यांनी टम्म फुगलेली:
तूरिनहून गॅस्केट, सहा आठवडे वाट.
खालचा पत्रा गंजला. खालचा पत्रा, पुन्हा.
दोन कार्ब्युरेटर एका सुरात आणायला अख्खा रविवार,
धुकं उतरलं की सोमवारी परत बेसूर.
पेट्रोलचंही तेच, खाईन तर तुपाशी.
रस्त्यावर मीठ पडलं की मार्चपर्यंत पांघरुणात.

त्याच वहीच्या मागच्या पानावर मी हिशोब मांडला.
आठ सेकंदांना वर्षाला अकराशे पौंड,
माझी मजुरी धरली नाही.
"आल्फा विका," मी म्हणालो.

चहा गार होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत.
"आठ सेकंदांत काय होतं रे?"
"काही नाही. किटली सूंसुद्धा करत नाही."
"ट्रायम्फ दे," त्या म्हणाल्या.
"ती कुणाकडेही नांदेल.
हिला कोण ठेवून घेणार?"

टविनहून कारविन आला, प्लंबर, चोविशीचा,
पाकिटात नोटा, नखांत पांढरं सिमेंट.
"हिला काय काय लागतं?"
"पाणी, तेल, आणि महिन्याला एक शिवी.
वेल्शमध्ये दे. इंग्लिश शिव्यांची तिला सवय झालीय."
दुसरा गिअर खरवडत तो निघाला,
खाडीच्या कडेनं बराच वेळ तिचा आवाज येत राहिला.
टेग्वेनबाईंनी ट्रे उचलला, धुवायला म्हणून,
आणि कोरड्या फरशीवर होता तिथेच ठेवला.

त्या संध्याकाळी आल्फा सुरू झाली नाही.
मला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी.
"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या,
"चोक ओढायला विसरले असेन."
मी प्लग काढले. चारही ओले.
चोक शेवटपर्यंत ओढलेला होता.
वहीत लिहिलं: प्लग, चार.
बाकी ठीक.